साताऱ्याच्या डोहातला जेलीफिश

जेलीफिश म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे वाहून येतात, कुणाच्या तरी पायाला दंश होतो, दोन दिवस बातम्या येतात आणि विषय संपतो. पण सह्याद्रीची अख्खी रांग ओलांडून पलीकडे, साताऱ्याच्या पश्चिमेला, कृष्णेच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या डोहांतही जेलीफिश आहे. त्याची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती करणारं नाव पुणेकरांना चांगलं ठाऊक आहे: शंकर पुरुषोत्तम आघारकर. आघारकर संशोधन संस्था ज्यांच्या नावाने आहे तेच. मूळचे मालवणचे, पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना पश्चिम घाटातल्या वनस्पतींबरोबर प्राणीही गोळा करत हिंडायचे. त्या भटकंतीत त्यांना हा जेलीफिश मिळाला आणि १९१२ साली 'नेचर'मध्ये त्याबद्दल छापून आलं. तोवर या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जेलीफिश फक्त आफ्रिकेत असतात असं मानलं जायचं.

हा ज्या गटातला, त्याचं शास्त्रीय नाव लिम्नोमेड्युसी. फारसं कुणाला माहीत नसलेला गट आहे. जाती जेमतेम पन्नाशीच्या आसपास, बहुतेकांचा आकार नखाएवढा किंवा नाण्याएवढा. तरीही जेलीफिशचं वर्गीकरण कशावरून करतात, ते का चुकतं आणि मग कसं दुरुस्त होतं, हे समजून घ्यायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आधी थोडी भाऊबंदकी. जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल हे सगळे एकाच संघातले प्राणी, नाव निडारिया. या सगळ्यांकडे दंशपेशी असतात. पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेला पोकळ धागा असतो आणि धक्का लागला की तो झटक्यात बाहेर सुटतो. संघातले जे प्राणी आयुष्यात कधी ना कधी छत्रीसारखं रूप घेतात (किंवा ज्यांचे पूर्वज घेत असत) त्यांचे चार वर्ग मानतात. प्रदर्शनांतल्या मत्स्यालयात दिसणारे मोठे, झालरी लोंबणारे जेलीफिश पहिल्या वर्गातले, म्हणजे स्कायफोझोआ. चौकोनी पेटीसारखे आणि अतिविषारी असलेले क्युबोझोआ. देठाने खडकाला चिकटून राहणारे स्टॉरोझोआ. आणि चौथा, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत गोंधळाचा वर्ग, हायड्रोझोआ. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला हायड्रा याच वर्गातला, आणि जुहूचा तो निळा फुगाही. तो फुगा एक प्राणी नसून अनेक जिवांची वसाहत असते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हायड्रोझोआचे पुन्हा दोन उपवर्ग. एक हायड्रॉइडोलायना, ज्यात बहुतेक सगळ्या जाती येतात. दुसरा ट्रॅकिलायना, लहानसा. आपले लिम्नोमेड्युसी या दुसऱ्या उपवर्गातला एक गण. गण म्हणून त्यांना हे नाव दिलं डेन्मार्कच्या क्राम्प यांनी, १९३८ साली. नावात गोड्या पाण्याचा निर्देश आहे खरा, पण तो थोडा फसवा आहे. गणातले बरेचसे सदस्य खाऱ्या पाण्यातच राहतात. गोड्या पाण्यात शिरण्यात मात्र जेलीफिशांपैकी याच गटाला खरं यश मिळालं आहे.

आता लक्षणं. एखादा लिम्नोमेड्युसी काचेच्या बशीत घेऊन खालून पाहिला, तर पहिल्यांदा नजरेत भरतो तो छत्रीच्या कडेला आतल्या बाजूने असलेला पातळ पडदा, व्हेलम. छत्री मिटली की पाणी या पडद्याच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पुढे सरकतो. मोठ्या, स्कायफोझोआ जेलीफिशांना हा पडदा नसतो. त्यामुळे हातातला प्राणी हायड्रोझोआ आहे की नाही, हे एवढ्यावरून बऱ्यापैकी कळतं. मग मधोमध लोंबणारं पोट आणि त्याच्या टोकाला तोंड. पोटापासून कडेपर्यंत जाणाऱ्या नळ्या, बहुधा चार. त्या कडेच्या गोल नळीला जाऊन मिळतात आणि पचलेलं अन्न अंगभर पोचवतात. या प्राण्याला रक्त नाही, हृदय नाही, मेंदूही नाही. गोड्या पाण्यातल्या जातींच्या शरीरात तर पाणीच ९९ टक्क्यांहून अधिक.

पण व्हेलम आणि नळ्या बहुतेक सगळ्या हायड्रोझोआ जेलीफिशांत सापडतात. मग लिम्नोमेड्युसी वेगळे कशावरून? इथे कडेवरच्या एका बारीक अवयवाकडे पाहावं लागतं: तोल सांभाळणारी पुटकुळी. तिच्यात खनिजाचा एक कण असतो. प्राणी कलला की कणही कलतो आणि वर कुठे, खाली कुठे हे चेतातंतूंना समजतं. अशा पुटकुळ्या हायड्रॉइडोलायनातल्या काही जेलीफिशांनाही असतात. तिथे हा कण धरणारी पेशी बाहेरच्या त्वचेच्या थरातून बनते, तर ट्रॅकिलायनात ती आतल्या, पोटाला अस्तर देणाऱ्या थरातून येते. जेलीफिशच्या शरीरात पेशींचे थरच मुळी दोन, मधे फक्त जेली. त्यामुळे अवयव कोणत्या थरातून आला, हा फरक वरवरचा राहत नाही. ते खानदान सांगणारं लक्षण ठरतं. रंग, आकार, शुंडकांची (छत्रीच्या कडेच्या, दंशपेशी असलेल्या धाग्यांची) संख्या या गोष्टी वयानुसार आणि खाण्यानुसार बदलतात. थर बदलत नाहीत.

ट्रॅकिलायनातल्या इतर गणांपासून लिम्नोमेड्युसींना वेगळं काढणारी गोष्ट म्हणजे त्यांचा पॉलिप, म्हणजे न पोहता एका जागी चिकटून राहणारं रूप. समुद्रातल्या ट्रॅकिमेड्युसींना पॉलिप नसतोच. अंड्यातून अळी आणि अळीतून थेट छत्री. लिम्नोमेड्युसींमध्ये मात्र बहुतेकांना पॉलिप असतो. तो कुठेतरी चिकटून बसतो आणि त्याच्या अंगावर कळी फुटून छत्री तयार होते. माझ्या मते या गटाची खरी गोष्ट या पॉलिपचीच आहे. छत्री छान दिसते, फोटोत येते, तिच्यावर नावं ठेवली जातात. प्राणी वर्षभर जगतो तो पॉलिप म्हणून. अळंबीसारखं समजा: पावसात जमिनीवर दिसते ती छत्री चार दिवसांची, खरा जीव बाराही महिने मातीखाली.

हे न कळल्यामुळे काय गोंधळ होतो, ते लंडनमध्ये दिसलं. जून १८८०मध्ये रीजंट्स पार्कच्या वनस्पती उद्यानात, ॲमेझॉनमधून आणलेल्या प्रचंड पानांच्या कमळाच्या उबदार टाकीत सोवर्बी या गृहस्थांना बारीक जेलीफिश पोहताना दिसले. रे लँकेस्टर आणि ऑलमन या दोन नामवंत प्राणिशास्त्रज्ञांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने त्याला दोन वेगवेगळी नावं दिली. पुढे टिकलं ते लँकेस्टरचं: क्रॅस्पेडाकस्टा सोवर्बी. कमळ दक्षिण अमेरिकेतलं, तेव्हा जेलीफिशही तिकडचाच असणार असा अंदाज होता. तो चुकला. या जातीचं मूळ घर चीनमधलं यांगत्से नदीचं खोरं मानलं जातं.

टाकीतल्या मुळांवर चिकटलेला पॉलिप तिथेच १८८४ साली सापडला. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या ओढ्यातल्या दगडांवर पॉट्स यांना एक सूक्ष्म प्राणी आढळला. त्यांना तो नवीनच वाटला आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं मायक्रोहायड्रा रायडेरी. वर्गीकरणाच्या वहीत दोन प्रजाती नांदू लागल्या, एक पोहणारी, एक चिकटलेली. दोन्ही एकाच प्राण्याची रूपं आहेत हे पक्कं व्हायला पुढची काही दशकं गेली. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. पॉलिप पाहिला तर यातून जेलीफिश निघेल असं कुणालाही वाटणार नाही.

कारण तो दिसतोच अगदी यःकश्चित. उंची मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. एकाच बुडख्याला दोन-चार पॉलिप जोडलेले. शुंडकं नाहीत. वरच्या टोकाला गोल डोकं आणि त्यावर दंशपेशींचा ताफा, बस. अंगाला मातीचे कण चिकटलेले असल्यामुळे दगडावरचा मळच वाटतो. एखादी बारीक अळी डोक्याला घासून गेली की दंशपेशी सुटतात आणि पॉलिप तिला हळूहळू गिळतो.

या एवढ्याशा जिवाकडे वाढायचे मार्ग मात्र भरपूर. शेजारी नवा पॉलिप फुटतो आणि वसाहत वाढते. कधी अंगाचा एक लांबट तुकडा सुटून अळीसारखा सरपटत जातो आणि दुसरीकडे बसून नवा पॉलिप होतो. थंडी पडली किंवा अन्न संपलं की पॉलिप आकसून कवचबंद गोळी बनतो आणि चांगले दिवस येईपर्यंत तसाच पडून राहतो. ही गोळी पाणवनस्पतींच्या मुळांबरोबर, मत्स्यबीजाच्या पाण्याबरोबर, बहुधा पाणपक्ष्यांच्या पायांबरोबरही प्रवास करते. यांगत्सेचा हा प्राणी आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत पोचला आहे तो असाच. केरळमध्येही त्याची नोंद आहे.

पाणी तापून साधारण २५ अंशांच्या वर गेलं आणि सूक्ष्म प्राण्यांची खाण्यासाठी रेलचेल असली की मग छत्रीच्या कळ्या फुटतात. सुटताना पिल्लू मिलिमीटरभर, शुंडकं आठ. काही आठवड्यांत ते २०-२५ मिलिमीटरचं होतं आणि शुंडकांची संख्या चारशेपर्यंत जाते. एखाद्या तलावात एका उन्हाळ्यात हजारो दिसतात आणि पुढची कित्येक वर्षं एकही नाही. गावात चर्चा होते, जेलीफिश 'आले' आणि 'गेले'. पॉलिप तिथेच असतो.

आणखी एक विचित्र गोष्ट. अनेक तलावांत जेवढे म्हणून जेलीफिश सापडतात ते सगळे नर, किंवा सगळ्या माद्या. कारण उघड आहे: अख्खी वस्ती एखाद-दुसऱ्या पॉलिपपासून फुटून वाढलेली. मग नर-मादी एकत्र येऊन अंडी फलित होण्याचा, म्हणजे छत्री बनवण्यामागचा जो मूळ हेतू, तो तिथे साधतच नाही. तरीही उन्हाळा आला की छत्र्या निघतातच.

या गोड्या पाण्यातल्या मंडळींचे समुद्रातले नातेवाईक जरा तिखट आहेत. क्रॅस्पेडाकस्टाचा दंश माणसाला सहसा जाणवतही नाही. गोनिओनीमसचं तसं नाही. उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर, समुद्री गवताच्या कुरणांत हा अडीच सेंटिमीटरचा जेलीफिश शुंडकांवरच्या चिकट गाद्यांनी गवताच्या पात्याला धरून बसतो. व्लादिवोस्तोकच्या आसपास पोहणाऱ्यांना तो चांगलाच माहीत आहे. त्वचेवर खूण किरकोळ उमटते, पण नंतर स्नायू आणि सांधे ठणकतात, श्वास घ्यायला त्रास होतो, कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र कित्येक वर्षं याच नावाचा प्राणी असूनही दंशाच्या तक्रारी नव्हत्या. १९९०च्या दशकापासून त्या यायला लागल्या. जनुकं तपासल्यावर एकाच नावाखाली निदान दोन जाती वावरत असल्याचं दिसून आलं. म्हणजे इथलं वर्गीकरण पोहणाऱ्याच्या कामाचं आहे.

जपानच्या किनाऱ्यावरचा ओलिंडियास फॉर्मोसस हा गटातला सगळ्यांत देखणा. छत्री १५ सेंटिमीटरपर्यंत, तीवर रेघा, आणि छत्रीच्या पाठीवरही उगवलेली आखूड शुंडकं, टोकांना गुलाबी आणि झगमगता हिरवा रंग. हा हिरवा रंग निळ्या उजेडात चमकतो. प्रयोगात असं दिसलं की लहान मासे त्या चमकणाऱ्या टोकांकडे ओढले जातात. म्हणजे हे आमिष. याचा पॉलिप निसर्गात शोधणं इतकं अवघड की मत्स्यालयांनाही तो वाढवण्याचं तंत्र जमायला बराच काळ लागला.

थंड समुद्रांतल्या मोनोब्राकियमचा पॉलिप तर शिंपल्याच्या कवचावर वसाहत करतो आणि प्रत्येक पॉलिपला शुंडक एकच. चारशे शुंडकांच्या क्रॅस्पेडाकस्टाशी त्याचं नातं आहे, हे नुसतं पाहून कोण सांगेल?

आणि मग लिरिओपी आणि जेरिओनिया. खुल्या समुद्रात तरंगणारे, काचेसारखे, मधे लांब देठावर पोट लटकलेले. लिरिओपीला चार नळ्या, जेरिओनियाला सहा. दोघांनाही पॉलिप नाही. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ते ट्रॅकिमेड्युसी ठरतात आणि सगळ्या जुन्या पुस्तकांत तसेच आहेत. २००६-०८च्या सुमारास जनुकांची तुलना झाली तेव्हा ते लिम्नोमेड्युसींच्या कुटुंबातच जाऊन बसले. त्यांच्या पूर्वजांना पॉलिप असावा आणि खुल्या समुद्रात चिकटायला दगडच नसल्यामुळे तो पुढे गळून गेला, हे पटण्यासारखं आहे. तळ सोडलेल्या इतर वंशांतही असं झालेलं दिसतं. लिरिओपी आपल्या अरबी समुद्रातही आहे. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर त्याचे थवे आले की लोक त्याला 'टॅपिओका' म्हणतात, म्हणजे चक्क साबुदाणा. अंगाला खाज सुटते म्हणून वैतागून.

मग 'पॉलिप असलेले ट्रॅकिलायना म्हणजे लिम्नोमेड्युसी' ही व्याख्या मोडली का? मोडली, आणि त्यात वाईट काही नाही. लक्षण हा नात्याचा पुरावा असतो, नातं नव्हे. जननग्रंथींचंही तेच. पाठ्यपुस्तकं सांगतात की या गटात जननग्रंथी नळ्यांवर असतात. क्रॅस्पेडाकस्टात त्या तशाच, नळ्यांवरून खाली लोंबणाऱ्या चार पांढुरक्या पिशव्या. पण आपल्या साताऱ्याच्या जेलीफिशच्या प्रजातीत, लिम्नॉक्निडात, त्या पोटाच्या भिंतीवर असतात. तरी तो याच गटातला.

लिम्नॉक्निडा पहिल्यांदा दिसला आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात. जर्मन निसर्गअभ्यासक ब्योम यांनी १८८३मध्ये तो पाहिला आणि ग्युंथर यांनी १८९३मध्ये त्याचं वर्णन केलं. समुद्रापासून इतक्या दूर, खंडाच्या पोटात जेलीफिश! त्यावरून मूर नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मोठा सिद्धान्त मांडला: टांगानिका हा प्राचीन समुद्राचा तुटून राहिलेला तुकडा आहे. तो फार टिकला नाही. याच प्रजातीचे जेलीफिश व्हिक्टोरिया सरोवरात आणि नायजर नदीतही मिळाले, आणि वाहत्या नदीला कुणी समुद्राचा तुकडा म्हणू शकत नव्हतं.

अशा वेळी आघारकरांचा शोध आला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये तेव्हा नेल्सन ॲनंडेल होते, पुढे १९१६मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग स्थापन करणारे. घाटातल्या नमुन्यांचा अभ्यास करून त्यांनी जातीला नाव दिलं लिम्नॉक्निडा इंडिका. म्युझियमचेच ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांनी मिळून तिच्या सवयी आणि वावर यांवर १९१२ साली टिपण लिहिलं. उन्हाळ्यात धार बारीक होते, नदी डोहाडोहांत तुटते, पाणी स्थिर आणि कोमट होतं. जेलीफिशच्या छत्र्या निघायला नेमकं हेच लागतं. पावसाळ्याच्या लोंढ्यात छत्रीचा निभाव लागणं शक्य नाही. दगडाला चिकटलेल्या पॉलिपचा लागतो.

आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक. जेलीफिश हा त्यांच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग. आपल्याकडे मात्र त्या प्रसंगापलीकडे फार कुणी गेलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. मधल्या काळात खोऱ्याचं रूप पार पालटलं. कोयनेवर कोयना धरण, कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर. उन्हाळ्यातले उथळ डोह कुठे बुडाले, कुठे आवर्तनाच्या पाण्याने वाहते झाले. दुसरीकडे, साठलेलं कोमट पाणी क्रॅस्पेडाकस्टाला फार मानवतं. जगभर तो धरणांत आणि खाणींच्या तळ्यांत फोफावला आहे. तेव्हा या भागात कुणाला जेलीफिश दिसला, तर तो जुना रहिवासी की नवा पाहुणा, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

त्याचं उत्तर काठावर बसूनही मिळू शकतं. एप्रिल-मेमध्ये, वारा पडलेला असताना, स्थिर पाण्यात वरून खाली सावकाश उतरणारी पारदर्शक चकती शोधायची. क्रॅस्पेडाकस्टा आणि समुद्रातला गोनिओनीमस, दोघांचीही ही सवय: ठोके देत वर यायचं, मग शुंडकं पसरून हळूहळू खाली उतरत वाटेत येईल ते टिपायचं. चकती मिळालीच तर पांढऱ्या वाटीत पाण्यासकट घेऊन भिंगातून वरून पाहायचं, फोटो काढायचा आणि प्राणी परत सोडून द्यायचा. मधोमध लांब लोंबतं पोट आणि नळ्यांवर चार फिकट पिशव्या दिसल्या, तर तो क्रॅस्पेडाकस्टा. पोट आखूड आणि तोंड छत्रीच्या मध्यभागी मोठ्ठं गोल उघडं असेल, आणि नळ्यांवर पिशव्या नसतील, तर तो लिम्नॉक्निडा. फोटोत हा मधला भाग स्पष्ट यायला हवा. नुसत्या छत्रीच्या फोटोवरून कोणीही खात्रीने नाव सांगणार नाही.